चेहऱ्यामागचा ऊस

पोर्ट्रेटसाठी लेन्स घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा दोनच गोष्टी विचारते. शार्प किती आहे? आणि मागचे किती उडते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारले जातात ते असे, की जणू चेहऱ्याचा रेखीवपणा आणि पाठीमागचा मऊपणा ही दोन वेगळ्या कप्प्यांतली बिऱ्हाडे आहेत. प्रत्यक्षात भिंगाची रचना करणारा माणूस एकच निर्णय घेतो आणि त्यातून दोन्ही गोष्टी ठरतात. शिवाय सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत फोटो काढायचा असेल तर तिसरा प्रश्न या दोन्हींपेक्षा मोठा होऊन बसतो: माणसाच्या मागे आहे काय, आणि ते किती लांब आहे?

कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत कृष्णाकाठी माणसाच्या पाठीमागे ऊस असतो. बांधावर कुणाला उभे केले की हाताच्या अंतरावर हिरव्या पात्यांची भिंत लागते. उसाचे पाते लांब आणि ताठ, मधली शीर पांढरट. उन्हात त्याची एक कड चकाकते आणि तिच्या शेजारीच काळी सावली पडते. भिंगाला याहून अवघड पार्श्वभूमी क्वचितच मिळेल. तासगावच्या द्राक्षबागेत त्यात मांडवाच्या तारांची भर पडते. आणि नदीकाठ सोडून पूर्वेला सरकत माण, खटाव, आटपाडी, जतकडे गेले की सगळे उलटते. माळ, मेंढरे, मधे एखादे बाभळीचे झाड आणि पार लांब क्षितिज. एकच लेन्स पलूसमध्ये कटकटी वाटते आणि माणमधल्या दहिवडीत तिच्यावरून नजर हटत नाही. दोष किंवा गुण नेहमी काचेचा नसतो.

यामागे एक साधा नियम आहे. लेन्सची फोकल लांबी तिच्या एफ-क्रमांकाने भागली की तिचे उघडे तोंड किती मोठे ते कळते. १०५ मिलिमीटरची लेन्स एफ २.५ ला उघडली तर तोंड ४२ मिलिमीटरचे. ८५ मिलिमीटर एफ १.८ चे ४७, १३५ मिलिमीटर एफ २ चे साडेसदुसष्ट, आणि जवळपास प्रत्येकाकडे असणाऱ्या ५० मिलिमीटर एफ १.८ चे २८. फोकस चेहऱ्यावर असताना क्षितिजावरचा एखादा दिवा फोटोत जेवढा पसरतो, तो पसारा चेहऱ्याच्या मापाने मोजला तर बरोबर या तोंडाएवढा भरतो. चेहऱ्याची रुंदी साधारण १५ सेंटिमीटर धरली, तर १०५ च्या लेन्समधून दूरच्या दिव्याचे वर्तुळ चेहऱ्याच्या पाव हिश्श्याहून थोडे मोठे दिसेल. सेन्सर लहान आहे की मोठा, माणूस दोन मीटरवर आहे की चार मीटरवर, याने या हिशेबात काही फरक पडत नाही.

पार्श्वभूमी जवळ असली की मात्र या पसाऱ्याला कात्री लागते. समजा माणूस कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर आहे आणि ऊस ४ मीटरवर, म्हणजे माणसाच्या पाठीपासून एकच मीटर. मग ४२ मिलिमीटरचा फक्त चौथा हिस्सा हाती येतो, साडेदहा मिलिमीटर. उसाचे पाते चार-पाच सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा पसरटपणाने ते पुसले जात नाही. पाते पातेच राहते, फक्त त्याच्या कडा फाटतात, आणि डोळा चेहरा सोडून त्या कडांवर रेंगाळतो. तीच १३५ एफ २ ची महागडी लेन्स आणली तरी पसारा सतरा मिलिमीटरपर्यंतच जातो. आता माणसाला उसापासून नऊ मीटर पुढे आणा. माणूस ३ मीटरवरच, ऊस १२ मीटरवर. हिस्सा पाऊणवर गेला. आता ५० एफ १.८ ची साधी लेन्ससुद्धा २१ मिलिमीटरचा पसारा देते, म्हणजे जवळच्या उसापुढे १३५ ने दिला त्याहून जास्त. माणसाला काही पावले पुढे बोलावणे हा भिंगाच्या किमतीपेक्षा मोठा उपाय आहे, हे मी नव्या फोटोग्राफरांना कळकळीने सांगतो, कारण बहुतेक जण आधी पैसे खर्च करतात आणि मग जागा बदलतात.

हाच नियम हातात धरून घरातल्या जुन्या तसबिरींकडे पाहिले तर वेगळेच काही उलगडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टुडिओत लाकडी फील्ड कॅमेरा असे आणि त्यात काचेची किंवा फिल्मची हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची. तिच्यावर साधारण २१० मिलिमीटरची लेन्स लागे. ती एफ ४.५ ची असेल तर तोंड झाले ४७ मिलिमीटरचे. आजच्या ८५ एफ १.८ इतकेच! पणजोबांच्या फोटोत डोळे कोरल्यासारखे आणि फेट्याचा मागचा पीळ विरघळलेला दिसतो तो यामुळे. तरीही त्या काळी पार्श्वभूमीच्या ब्लरची चर्चा कुणी केली नाही, कारण पार्श्वभूमी रंगवलेल्या पडद्याची होती. महिरप, जिना, कुंडी, तळे हे सगळे आधीच कुंचल्याने मऊ करून ठेवलेले. नाटकांच्या सांगलीला असे पडदे काही नवे नव्हते. आणि चेहऱ्यावर काही जास्त रेखीव आलेच, तर टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर सुरकुत्या भरून काढल्या जात. ते काम एक स्वतंत्र हुन्नर होते.

त्या आधीच्या गोष्टीकडे जाऊ. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले ते १८३९ साल. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची रीत जगापुढे आली. पण त्या वेळच्या भिंगातून प्लेटवर इतका थोडा उजेड पोहोचे की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. इमारतीचा फोटो निघे, माणसाचा निघता निघत नसे. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने आकडेमोड करून एक नवे भिंग रचले. या हिशेबासाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली गणित जाणणारी माणसे मदतीला मिळाली होती. भिंगे बनवणाऱ्या फोइग्टलेंडर यांनी ते तयार केले. त्याचा एफ-क्रमांक ३.६, फोकल लांबी १५० मिलिमीटरच्या आसपास. बसण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि चेहऱ्याचा फोटो हा धंदा होऊ शकला. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते १८४३ मध्ये, म्हणजे या भिंगानंतर अवघ्या तीन वर्षांनी. पण दिवट्यांच्या उजेडात हलणारी नटमंडळी टिपणे पेट्झवालच्याही आवाक्याबाहेर होते.

पेट्झवालचे भिंग मधोमध अतिशय तीक्ष्ण आहे. डोळे, नाक, ओठ यांत त्याला आजही नावे ठेवता येत नाहीत. कडेकडे जाताना मात्र ते ढळते. त्याचा फोकस सपाट पृष्ठावर पडत नाही, वाटीसारख्या वळलेल्या पृष्ठावर पडतो. कडेचे ठिपके एका दिशेला ताणले जातात, आणि तिरका येणारा उजेड लेन्सच्या लांब नळीच्या कडांनी कापलाही जातो. या सगळ्याचा मिळून पार्श्वभूमीत भोवरा दिसतो. पेट्झवालला तो नको होता. चेहरा मधे ठेवला की खपून जात असे. दीडशे वर्षांनी लोक त्याच भोवऱ्यासाठी जुनी भिंगे शोधू लागले.

असाच भोवरा स्वस्तात देणारी दुसरी लेन्स म्हणजे सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी हेलिओस ४४, ५८ मिलिमीटर एफ २. तिचे मूळ जर्मनीतल्या त्साइसच्या बायोटार या लेन्समध्ये आहे. ती लाखोंनी बनली. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर झाडांच्या पानांतून ऊन झिरपत असताना ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर मधले कवडसे गोल येतात आणि कडेचे बदामासारखे चपटे होत चेहऱ्याभोवती फेर धरतात. एफ ४ ला बंद केली की भोवरा जवळजवळ निवळतो. मला स्वतःला हा परिणाम एखाद्या फोटोत आवडतो. अख्खा अल्बम त्याने भरला तर चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही. घाटाच्या दगडी पायऱ्यांपुढे तर ही लेन्स मी वापरणार नाही. पायरीची प्रत्येक कड मागे दुहेरी रेघ होऊन उभी राहते.

ही दुहेरी रेघ का येते, हे समजून घेणे या विषयाचा गाभा आहे. गोल पृष्ठाच्या भिंगात मधून जाणारे किरण आणि कडेने जाणारे किरण नेमके एका जागी मिळत नाहीत. कडेचे थोडे अलीकडे, भिंगाच्या जवळ मिळतात. याला गोलीय विपथन म्हणतात. रचनाकार निरनिराळी भिंगे जोडून हा दोष कमी करतो. किती कमी करायचा, हाच तो निर्णय. दोष थोडा शिल्लक ठेवला तर फोकसच्या जागी तीक्ष्ण गाभ्याभोवती अगदी पातळ उजेडाचे वलय राहते. त्वचा मऊ दिसते, पापण्या तरी मोजता येतात. आणि फोकसच्या मागच्या ठिपक्यांचे काय होते? कडेचे किरण आधीच एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, त्यामुळे सेन्सरवर पोहोचेपर्यंत ते विरळ होऊन पसरतात. वर्तुळ मधे भरीव आणि कडेला विरत जाणारे होते. असा एक ठिपका दुसऱ्यात मिसळून जातो. उसाच्या पात्याची चकाकती कड धूसर पट्टा होते, रेघ होत नाही.

दोष गरजेहून जास्त सुधारला तर हेच चित्र उलटते. मागच्या वर्तुळांच्या कडा उजळ होतात, मध्य पोकळ. उसाच्या पात्याची एक कड दोन रेघांत फुटते. शार्पनेस तपासण्याच्या चार्टवर अशी लेन्स अव्वल ठरू शकते आणि बांधावर डोळ्याला टोचते. आणखी एक गोष्ट यातून निघते, जी सहसा कुणी सांगत नाही: ज्या लेन्सची पार्श्वभूमी मऊ, तिचा पुढचा भाग कडक. नववधूच्या फोटोत कॅमेऱ्याच्या जवळ मुद्दाम धरलेली फुलांची माळ कुरूप आली, पण मागचे मंडपाचे दिवे सुरेख आले, तर लेन्स बिघडलेली नाही. तिच्या रचनेचीच ती दुसरी बाजू आहे.

हा शिलकी दोष सगळ्यात शहाणपणाने वापरणारे घराणे म्हणजे सोनार. १९३० च्या आसपास लुडविग बेर्टेले याने ही रचना केली, आणि पुढे त्साइसने काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी ८५ मिलिमीटर एफ २ ची सोनार आणली. त्या काळी काचेवर लेप नसे. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के उजेड परतायचा आणि आत भटकत राहायचा. बेर्टेलेने अनेक काचा चिकटवून तीनच गट केले, म्हणजे हवेला भेटणारी पृष्ठे सहाच. परावर्तन रोखणारा लेप त्साइसच्या स्माकुलाने १९३५ मध्ये आणला, पण सोनारच्या फोटोतला घट्ट काळेपणा आणि उजळ त्वचा त्याच्या आधीपासूनची आहे. युद्धानंतर ही रचना रशियात ज्युपिटर ९ झाली, आणि जपानमध्ये निप्पॉन कोगाकूने, म्हणजे आजच्या निकॉनने, तिच्यावरून स्वतःची ८५ मिलिमीटर एफ २ निक्कोर बनवली.

त्या निक्कोरची एक घटना आहे. १९५० मध्ये ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने त्याचा एक फोटो या लेन्सने काढला. डंकनला जपानी भिंगाकडून काही अपेक्षा नव्हती. मोठा केलेला प्रिंट पाहून तो थक्क झाला, कारखान्यात गेला, लेन्स घेतल्या आणि कोरियाच्या युद्धावर त्याच वापरल्या. जपानी भिंगांचे नाव जगात झाले त्याच्या मुळाशी कुठला चार्ट नव्हता, एका माणसाच्या चेहऱ्याचा फोटो होता.

१९५० च्याच दशकात निक्कोरची १०५ मिलिमीटर एफ २.५ आली, आणि १९५९ मध्ये ती निकॉन एफ या एसएलआर कॅमेऱ्यावर बसली. आधी तीही सोनार घराण्यातली, तीन गटांत पाच काचा. १९७१ मध्ये तिची रचना बदलून गाउस पद्धतीची केली, चार गटांत पाच काचा, आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्यांत ती आणखी सुधारली. डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरीने शरबत गुला या अफगाण मुलीचा फोटो घेतला तो १०५ च्या याच लेन्सने. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला. तो फोटो नीट पाहा. डोळे तीक्ष्ण आहेत, पण पाठीमागची हिरवट पार्श्वभूमी तितकीच शांत आहे, आणि शालीच्या कडेपासून त्या हिरव्यापर्यंतचा प्रवास कुठेही अडखळत नाही. मी लेन्स तपासतो ती या प्रवासावरून. चेहऱ्याचा मध्य आजकाल कुठलीही लेन्स शार्प देते. गालाकडून कानाकडे, कानाकडून मानेच्या केसांकडे आणि तिथून मागच्या हिरव्याकडे जाताना लेन्स काय करते, यात खरी परीक्षा आहे.

पार्श्वभूमीसाठी गोलीय विपथन हवे तसे फिरवण्याची सोयही काहींनी करून पाहिली. लंडनच्या डालमायरने १८६६ मध्येच पोर्ट्रेटचे असे भिंग काढले की मागची काच फिरवून दूर केली की फोटो मऊ व्हायचा. लाइट्झची १९३५ ची थांबार ९० मिलिमीटर एफ २.२ ही तर मुद्दाम धुके देणारी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनने १३५ मिलिमीटर एफ २ आणि पुढे १०५ मिलिमीटर एफ २ या डीसी लेन्स आणल्या. त्यांच्यावर एक जादा कडे आहे. ते एका बाजूला फिरवले की मागचा भाग मऊ, दुसऱ्या बाजूला फिरवले की पुढचा. एकाच वेळी दोन्ही मात्र नाही. त्यावर मिनोल्टाने १९९९ मध्ये वेगळाच तोडगा काढला. १३५ मिलिमीटरच्या एसटीएफ लेन्सच्या आत कडेकडे गडद होत जाणारी काच बसवली. वर्तुळाची कड दोन्ही बाजूंना विरते, तीक्ष्णपणाला धक्का लागत नाही. किंमत उजेडात चुकवावी लागते: तोंड एफ २.८ चे, पण सेन्सरवर पोहोचणारा उजेड एफ ४.५ इतकाच. उसाच्या फडापुढे यापेक्षा गुळगुळीत काम करणारी लेन्स मला ठाऊक नाही.

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, मग फलटण. पोर्ट्रेट शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. आभाळ भरलेले असते, उजेड सगळीकडून सारखा येतो, आणि चेहरे असे की भिंगाने काही लपवू नये असे वाटते. कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा आणि त्यावरचा बुक्क्याचा काळा ठिपका ही फोकस लावायला आयतीच मिळालेली खूण. दोन मीटरवरून १०५ च्या लेन्सने एफ २.५ ला जेमतेम पाच सेंटिमीटरची खोली फोकसमध्ये राहते. ८५ एफ १.४ घेऊन सव्वा मीटरवर गेलात तर ती दोन सेंटिमीटरच्या आतच येते. टिळा तीक्ष्ण, नाकाचे टोक गेलेले. म्हाताऱ्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावर हे मला मान्य नाही. ज्या सुरकुत्यांनी तो चेहरा घडला त्यांना अर्ध्यात सोडून देणे हा त्याचा मान नव्हे. एफ ४ ला आलात तर चेहरा पुरा येतो, आणि मागे रिंगणाचे मोकळे मैदान असल्यामुळे पार्श्वभूमी तरीही पुरेशी विरघळते.

तिथे पार्श्वभूमीत शेकडो पांढऱ्या टोप्या असतात, त्यांच्या वर भगव्या पताका. पांढऱ्यावर लेन्सचा आणखी एक दोष उघडा पडतो. लाल, हिरवे, निळे किरण एकाच खोलीवर मिळत नसतील तर फोकसच्या मागच्या टोप्यांना हिरवट कड येते आणि पुढच्या धोतरांना जांभळट. जुन्या, मोठ्या तोंडाच्या ८५ मिलिमीटर लेन्समध्ये हे सर्रास दिसते. १०५ एफ २.५ मध्ये कमी, कारण तिचा निर्माता फार मोठ्या तोंडाच्या मागे लागला नाही. कराडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत मात्र हे सगळे भेद पुसले जातात. हवेत भंडाऱ्याचा पिवळा पडदा चढला की कुठलीही लेन्स कुठल्याही लेन्ससारखी दिसते, आणि तिथे फक्त जवळ जाण्याचे धाडस उपयोगी पडते.

अंतराविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. चेहऱ्याचे नाक मोठे किंवा लहान दिसते ते लेन्समुळे नाही, उभे राहण्याच्या जागेमुळे. अर्ध्या मीटरवरून पाहिले तर कानांपेक्षा नाक सुमारे पावपट मोठ्या प्रमाणात दिसते. दोन मीटरवरून हा फरक सहा टक्क्यांवर येतो. ८५ ते १३५ या लेन्स पोर्ट्रेटच्या मानल्या जातात, कारण त्या तुम्हाला त्या दोन मीटरवर नेऊन उभे करतात.

चेहऱ्याच्या कडा कशा सांभाळाव्यात हे चित्रांत पाहायचे तर औंधला जावे. औंध पूर्वी संस्थान होते, आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये टेकडीवर उभारलेले श्री भवानी संग्रहालय पोर्ट्रेट काढणाऱ्या प्रत्येकाने पाहावे. याच औंधात वर्षानुवर्षे राहिलेले पंडित सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात, पण ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते आणि लाहोरात त्यांनी चित्रांचा आणि छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला होता. संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत. त्यांत कडांकडे लक्ष द्यावे. उजेडाकडच्या गालाची कड स्पष्ट असते. सावलीकडचे केस पार्श्वभूमीत कुठे संपतात ते सांगता येत नाही. चित्रकार हे जागेवरून ठरवतो. लेन्स फक्त अंतरावरून ठरवते: जे दोन मीटरवर आहे ते सगळे सारखेच तीक्ष्ण. म्हणून सावलीकडची कड हरवायची असेल तर ते काम उजेडाने करून घ्यावे लागते. माणसाची गडद बाजू गडद पार्श्वभूमीपुढे आली की कुठलीही लेन्स सुसंस्कृत वाटू लागते.

नव्या लेन्स पूर्ण उघड्या असतानाही कोपऱ्यापर्यंत शार्प असतात. त्यासाठी त्यांत गोलाकार नसलेली, साच्यात घडवलेली पृष्ठे वापरतात, आणि कधी कधी त्या साच्याच्या बारीक रेषा मागच्या दिव्यांच्या वर्तुळांत कांद्याच्या चकतीसारख्या उमटतात. मोबाइलचा हिशेब आणखी वेगळा. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचे तोंड जेमतेम चार मिलिमीटरचे. वर सांगितलेल्या नियमाने क्षितिजसुद्धा चेहऱ्याच्या मापात चार मिलिमीटरच पसरणार. म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये ब्लर गणिताने रंगवला जातो, आणि नथीचा मोती, फेट्याचा तुरा, कपाळावर आलेली बट इथे गणित अजूनही चुकते.

या भागासाठी एक जुनी लेन्स निवडायची तर मी १०५ एफ २.५ निवडेन. माणदेशात ती पूर्ण उघडी ठेवता येते. बाभळीच्या काटक्या मात्र टाळाव्यात. आभाळावर उमटलेल्या काळ्या बारीक रेघा कुठल्याच लेन्सला सहजासहजी विरघळत नाहीत. कृष्णाकाठी माणसाला उसापासून लांब आणावे. मिररलेस कॅमेऱ्यावर ॲडॅप्टर लावून, स्क्रीनवर डोळा मोठा करून फोकस हाताने लावता येतो. सोनार घराण्यातली लेन्स असेल तर ज्या एफ-क्रमांकावर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस लावावा, कारण शिलकी विपथनामुळे तोंड बंद करताना तिचा फोकस थोडा मागे सरकतो.

जुनी लेन्स हातात आली की आधी टॉर्च लावून आरपार बघावी. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. चिकटवलेल्या काचांचा डिंक सुटला असेल तर कडेला इंद्रधनुषी डाग पडतो. दोन्हींमुळे फोटोत धुके येते आणि ते विकणारा ‘जुन्या लेन्सचा मऊपणा’ म्हणून खपवू शकतो. फरक ओळखता येतो. शिलकी विपथनाचे वलय एफ ४ किंवा एफ ५.६ ला नाहीसे होते. बुरशीचे धुके एफ ८ लाही राहते, आणि ऊन समोरून आले की वाढते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. बुरशी साफ करता येते, पण तिने लेपात कोरलेली नक्षी काचेवर राहते.